तक्तपोशीवर प्लाय: गुहागरकडच्या एका माडीचं प्रकरण

घर जांभ्या चिऱ्याचं, कौलारू, ऐंशी-नव्वद वर्षांचं. खाली माजघर, वर माडी. माडीवरची खोली १२ बाय १६ फूट. आजवर ती भात, नारळ आणि पेटारे ठेवायलाच वापरली गेली. आता तिथे पाहुण्यांची खोली करायची होती. जमीन म्हणजे नुसती तक्तपोशी, सागवानी कड्यांवर आडव्या ठोकलेल्या फळ्या. चालताना करकर वाजायची, फटींतून माजघरात धूळ पडायची, वर दिवा लावला की खाली उजेडाच्या रेघा दिसायच्या. मालकांना टाइल्स हव्या होत्या आणि गावातला गवंडी लावून द्यायला तयारही होता. शेवटी १२ मिमी प्लाय आणि त्यावर ५ मिमी एसपीसी व्हिनाइल (दगडाची भुकटी मिसळलेल्या कडक, एकमेकींत अडकणाऱ्या पट्ट्या) असं ठरलं. हा निर्णय का झाला, काम कसं झालं आणि कुठे घोळ झाले, ते पुढे सविस्तर.

आधी सांगाडा बघू. खोलीच्या मधोमध, १२ फुटांच्या अंगाने, एक ८ बाय १० इंची तुळई. तिच्या दोन्ही बाजूंना ८-८ फुटांचे दोन खण. कड्या ३ बाय ५ इंची, एकमेकींपासून १८ इंचांवर, प्रत्येक खणात नऊ. कड्यांची टोकं एकीकडे चिऱ्याच्या भिंतीत आणि दुसरीकडे तुळईवर टेकलेली. कड्यांना काटकोनात फळ्या: सरासरी ९ इंच रुंद, बावीस नग, जाडी मोजून २० ते २२ मिमी. फळ्या हाताने घडवलेल्या चौकोनी लोखंडी खिळ्यांनी ठोकलेल्या. खालून पाहिलं तर याच फळ्या माजघराचं छत आहेत. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, स्क्रूंच्या वेळी ती आडवी आली.

टाइल्स का नाहीत

पहिला मुद्दा वजनाचा. एक इंच सिमेंट-वाळूचा मसाला आणि वर ९ मिमी टाइल धरली तर चौरस मीटरला साधारण ७० किलो होतात, म्हणजे या खोलीला सव्वा टन. प्लाय आणि एसपीसी मिळून चौरस मीटरला १८ किलो, खोलीला सव्वातीनशे किलोच्या आत.

पण खरं सांगायचं तर कड्या वजनाला नापास होत नव्हत्या. आयएस ८७५, म्हणजे भारांचं भारतीय मानक, राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला २०० किलो वापरभार धरायला सांगतं. त्या भाराखाली ३ बाय ५ इंची निरोगी सागवानी कडी ८ फुटांच्या गाळ्यात मध्यावर जेमतेम ३ मिमी वाकते. टाइल्ससारख्या ठिसूळ थरासाठी आयएस ८८३ ची (लाकडी बांधकामाच्या मानकाची) मर्यादा गाळ्याच्या ३६० व्या भागाची, म्हणजे इथे साडेसहा मिमीच्या आसपास. कड्या पास. टाइल्सना नापास करतात त्या फळ्या.

कोकणात पावसाळ्यात लाकडातला ओलावा १७-१८ टक्क्यांवर चढतो आणि हिवाळ्यात ११-१२ वर उतरतो. एवढ्या फरकात ९ इंची सागवानी फळी रुंदीत दीड ते अडीच मिमी फुगते-आकसते. फळी कशी चिरलेली आहे त्यावर नेमका आकडा ठरतो. बावीस फळ्यांची बेरीज केली तर ती ४० मिमीच्या आसपास जाते. हा सगळा फरक फळ्यांमधल्या फटी गिळतात, कारण प्रत्येक फळी आपापल्या खिळ्यांवर आपल्या जागी फुगते. त्यावर मसाला ओतला की फटी भरतात, मसाल्याचं पाणी फळ्या पितात आणि वर कडक थर बसतो, जो एक मिमीही हलू शकत नाही. पहिल्या पावसाळ्यात सांधे तडकतात, दुसऱ्यात टाइल्स पोकळ वाजू लागतात.

प्लाय मात्र रुंदी-लांबीत फारसा हलत नाही. तेवढ्याच बदलात ८ फुटी शीट दोन-तीन मिमी वाढेल. म्हणजे खाली हलणाऱ्या फळ्या आणि वर जवळपास स्थिर पाट अशी जोडी होते. या कामातलं सगळं कौशल्य या दोघांना एकत्र धरण्यात आहे, आणि तेही फळ्यांना हलायला जागा ठेवून. प्लाय फळ्यांना जखडायला नसतो.

एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. फळ्या चांगल्या सागाच्या असतील, फटी एक-दीड सुताच्या (सूत म्हणजे साधारण ३ मिमी) असतील आणि खाली धूळ पडलेली चालत असेल तर प्लाय घालूच नका. पॉलिश मशीनने घासा, तेल किंवा मॅट पॉलिश करा. तशी जमीन आज पैसे मोजूनही मिळत नाही. इथे तसं नव्हतं. सहा-सात फळ्या आंब्याच्या होत्या, कधीतरी बदललेल्या, आणि त्यांना कीड होती.

खालून तपासणी

वरून कितीही पाहिलं तरी अर्धं कळतं. माजघरात स्टूल लावून, बॅटरी आणि टोकदार स्क्रू-ड्रायव्हर घेऊन प्रत्येक कडीचं भिंतीकडचं टोक टोचून पाहिलं. निरोगी सागात टोक दोन-तीन मिमीवर अडतं. पाचव्या कडीत ते पाऊण इंच सहज गेलं. वर नेमक्या त्याच जागी भिंतीवर जुन्या ओघळाचे डाग होते. कौलं गळून पाणी चिऱ्यातून कडीच्या टोकाशी मुरत होतं. माडीवर आतापर्यंत राहतं कोणी नव्हतं, म्हणून ते कळलं नाही.

आंब्याच्या फळ्यांखाली बारीक पिठासारखा भुसा आणि एक-दीड मिमीची गोल छिद्रं. ही भुंग्याची कीड, वाळवी नव्हे. वाळवी मातीच्या नळ्या करत भिंतीवरून चढते. दोन्हींचा इलाज वेगळा, म्हणून ओळख आधी पटवा. वाळवीच्या नळ्या दिसल्या तर आधी पेस्ट कंट्रोल, मग सुतार. इथे नळ्या नव्हत्या. फार पोखरलेल्या तीन फळ्या काढून जुन्या सागाच्या, त्याच जाडीच्या बसवल्या. बाकी सगळ्या लाकडाला, वरून आणि खालून, बोरिक अ‍ॅसिड-बोरॅक्सच्या द्रावणाचे दोन हात दिले. द्रावण कोऱ्या लाकडातच शिरतं. जुना ऑइलपेंट असेल तर तो खरवडल्याशिवाय हे दोन हात वाया. नंतर चार दिवस वाळू दिलं.

पाचव्या कडीचं कुजलेलं टोक कापून काढलं नाही. तिच्या अंगाला लागून २ बाय ५ इंची वाळलेल्या सागाची जोडकडी पूर्ण ८ फूट घातली. १० मिमीचे बोल्ट १६ इंचांवर, एक वर एक खाली असे. जोडकडीचं टोक भिंतीत ४ इंच शिरवून दगडी चिपेवर टेकवलं आणि भोवती अर्धा इंच मोकळी हवा सोडली. लोक इथे सिमेंट ठासून भरतात आणि लाकडाचं टोक कायम ओलं राहतं. जांभा पाणी धरतो, त्यामुळे त्याला चिकटलेलं लाकूड कुजायला वेळ लागत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी कौलं चाळून घेतली. फुटकी बदलली, कोनवाशाजवळचा सांधा नीट केला. छप्पर गळतंय आणि खाली प्लाय टाकतोय हा उलटा क्रम फार घरांत दिसतो. एसपीसीखाली शिरलेलं पाणी वरून दिसत नाही. खाली छताला डाग पडतो तेव्हा प्लाय फुगलेला असतो.

वेळ आणि ओलावा

काम दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी धरलं. तोवर फळ्या पावसाळ्यातून बऱ्यापैकी उतरलेल्या होत्या आणि अजून पूर्ण आकसल्या नव्हत्या. ओलावा मोजायचं मीटर लावून तीस ठिकाणी पाहिलं, १३ ते १४ टक्के. जुलैत प्लाय टाकला तर फळ्या खाली आकसून स्क्रूभोवती ढिल्या होतात. फेब्रुवारीत टाकला आणि फटी भरल्या तर पावसाळ्यात फळ्या एकमेकींना रेटतात, बशीसारख्या वाकतात आणि खिळ्यासकट उचलल्या जातात.

प्लाय आणून थेट टाकला नाही. माडीवरच, जमिनीपासून वर, शीटमध्ये पट्ट्या घालून चार दिवस ठेवला. फळी आणि प्लाय यांच्या ओलाव्यात तीन-चार टक्क्यांहून जास्त फरक नको.

एक किरकोळ पण डोकं खाणारी गोष्ट: ८ बाय ४ चं शीट माडीच्या जिन्यातून वळत नाही. १२ मिमीचं एक शीट २३-२५ किलोचं. जिन्याच्या तोंडाशी छप्पर उतरतं झालं की ते उभंही करता येत नाही. इथे पूर्ण शीट सज्जाच्या दारातून दोरीने वर घेतली आणि कापायची ती खालीच मापाने कापली. शीट मागवायच्या आधी हे पाहून घ्या.

फळ्या बसवणं

करकर प्लायने जात नाही. करकर म्हणजे फळी खिळ्यावर वर-खाली घासते आहे. ती आधी थांबवायची. एकाने फळीवर टाच दाबत चालायचं, दुसऱ्याने खडूने खुणा करायच्या. ढिली फळी जिथे जिथे कडी ओलांडते तिथे दोन स्क्रू: १० नंबर, ६५ मिमी, आधी ३ मिमीचं भोक पाडून. जुना साग वाळून इतका कडक होतो की भोक न पाडता मारलेल्या स्क्रूची मुंडी तुटून हातात येते. या खोलीत अशी साठेक जागा निघाली, म्हणजे १२० स्क्रू.

जुने खिळे उपटायच्या भानगडीत पडू नये. उपटताना फळी फुटते, खिळा अर्धा आत राहतो. वर आलेली डोकी पंचने ३ मिमी आत ठोकली. शेजारी स्क्रू आहेच.

मग सपाटी. ६ फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आडवी, उभी, तिरकी फिरवली. इथे लक्षात ठेवायचं की जमीन लेव्हलमध्ये असण्याची गरज नाही, सपाट हवी. संपूर्ण खोली एका बाजूला पाऊण इंच उतरती होती, ती तशीच ठेवली. पण जिथे वर्षानुवर्षं भाताची कणगी उभी असायची तिथे ८ मिमीचा खड्डा होता आणि सात-आठ फळ्यांच्या कडा बशीसारख्या वर आलेल्या होत्या. कडा इलेक्ट्रिक रंध्याने उतरवल्या. रंधा फिरवायच्या आधी लोहचुंबक फिरवा, नाहीतर पात्याचा निकाल लागतो. खड्ड्यात ३ मिमी प्लायच्या पट्ट्या पायरी-पायरीने बसवल्या, बाहेरचा थर रुंद, आतला अरुंद, कडा घासून पातळ केलेल्या. सिमेंटचं लेव्हलिंग फळ्यांवर ओतायचं नाही. ते फटींतून माजघरात गळतं, उरलेलं दोन महिन्यांत खडखडायला लागतं.

फटी तशाच ठेवल्या. पुट्टी, एम-सील, लाकडाच्या चिपा, काहीही भरलं नाही. धूळ अडवायला फटी बुजवायची गरज नसते, वरचा प्लाय ते करतोच.

प्लाय कोणता

६ मिमी पुरत नाही. तो फळ्यांच्या लाटेबरोबर वाकतो आणि दोन वर्षांत वरच्या व्हिनाइलवर फळ्यांच्या रेघा उमटतात. ९ मिमी सपाट, अरुंद फळ्यांना चालेल. ९ इंची फळ्यांना १२ मिमी, म्हणजे चार सुती. १८ ने वजन आणि उंची वाढते, फायदा विशेष नाही.

ग्रेड: आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तोंड देणारा) पुरेसा होता. साधा एमआर (फक्त ओलावा सोसणारा), ज्याला दुकानदार कमर्शियल म्हणतो, तो कोकणात नको. दमट हवेत त्याचे थर कडेपासून सुटतात. आयएस ७१० चा मरीन घेतला तर बिघडत नाही, पण ते पैसे आधी कौलांवर घालावेत. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ यांचा विचारही नको.

शिक्का सगळ्यांवरच असतो, म्हणून शीट निवडून घ्यावं. कडेने पाहा. आतल्या थरात पोकळी असेल तर काळी फट दिसते. मग शीट उभं धरून पेरांनी वाजवत जा. एकसारखा भरीव आवाज हवा, पोकळीवर तो ढबढबीत होतो. अशा पोकळीवर खुर्चीचा पाय आला की प्लाय तिथेच दबतो. जाडीही मोजा. १२ म्हणून ११ मिमी सर्रास येतो. ११ आला तरी चालेल, पण सगळी शीट एकाच जाडीची हवीत. एक ११ आणि शेजारी १२ असेल तर सांध्यावर पायरी होते आणि एसपीसीचं कुलूप, म्हणजे पट्ट्या एकमेकींत अडकवणारी खाच, तिथेच तुटतं.

मांडणी

१२ बाय १६ म्हणजे १९२ चौरस फूट, नेमकी सहा शीट. सातवं जादा घेतलं. तीन ओळी, प्रत्येक ४ फुटांची.

८ फुटांची बाजू फळ्यांना आडवी टाकली, म्हणजे एक शीट दहा-अकरा फळ्यांना एकत्र धरतं. याउलटही करतात, लांब बाजू कड्यांना काटकोनात, म्हणजे फळ्यांना समांतर. फळ्याच पातळ असतील किंवा कड्या एकमेकींपासून दोन फुटांहून लांब असतील तर तेच बरोबर. इथे फळ्या कड्यांमध्ये झोळत नव्हत्या. त्रास होता तो एक फळी दाबली की शेजारची न दबण्याचा, आणि त्यावर शीट आडवंच हवं.

पहिल्या ओळीत ८-८ ची दोन शीट टाकली असती तर सांधा बरोबर तुळईवर आला असता. सुताराला तेच आवडतं, खाली भक्कम आधार दिसतो म्हणून. पण दोन्ही खणांच्या कड्यांची टोकं तिथेच मिळतात. एका खणावर भार आला की कडी वाकते, तिचं टोक किंचित फिरतं आणि वरचा सांधा उघड-झाप करतो. म्हणून पहिली आणि तिसरी ओळ ६, ८, २ फूट आणि मधली ३, ८, ५ फूट अशी कापली. ६ आणि २ एका शीटमधून, ३ आणि ५ दुसऱ्यातून, वाया काही गेलं नाही. शेजारच्या ओळींचे सांधे एकमेकांपासून ३ फूट लांब पडले.

आडवा सांधा फळ्यांमधल्या फटीवर येता कामा नये. तो फळीच्या मध्यावर हवा, म्हणजे दोन्ही शीटच्या कडा एकाच फळीवर बसतात आणि एकत्रच हलतात. त्यासाठी सहा फुटांचं माप दोन-चार इंच मागेपुढे करावं लागलं. लांब सांधेही कडीच्या डोक्यावर नकोत, दोन कड्यांच्या मध्ये, कडीपासून थोडे दूर बरे. इथे ते ४ आणि ८ फुटांवर, कडीपासून ६ इंचांवर आपसूकच पडले.

शीटमध्ये एक सूत फट, ३ मिमीचे टाइल स्पेसर ठेवून. भिंतीपासून सगळीकडे १० मिमी. जुनी खोली काटकोनात नसतेच. ही एका अंगाने १६ फूट, दुसऱ्या अंगाने १५ फूट १० इंच निघाली. म्हणून सुरुवात भिंतीपासून न करता मधल्या ओळीची दोरी धरून केली. पाचरीसारखा काप भिंतीकडे गेला, स्कर्टिंगखाली.

फळ्या आणि प्लाय यांच्यामध्ये फक्त क्राफ्ट पेपर (जाड तपकिरी कागद), चार इंच चढवून. लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज त्याने जातो आणि काम चालू असताना माजघरात भुसा पडत नाही. प्लॅस्टिकचा कागद नको. वरून एसपीसी आधीच हवा अडवतं. प्लॅस्टिक घातलं की गळतीचं पाणी प्लायखाली अडकून बसतं.

स्क्रू

पहिल्या शीटला नेहमीच्या सवयीने दीड इंची काळे जिप्सम स्क्रू लागले. शीट बसली घट्ट. खाली माजघरात गेल्यावर छतातून स्क्रूंची टोकं रांगेने बाहेर, चार ते सहा मिमी. हिशेब सरळ आहे: ३८ वजा १२ म्हणजे २६, आणि फळी २० ते २२. खाली बंद छत असतं तर चाललं असतं. इथे फळी हेच छत. सगळे स्क्रू काढले, खालची भोकं सागाचा भुसा आणि डिंकाने बुजवली, नवे स्क्रू दोन इंच बाजूला सरकवले.

लांबी ३० मिमी. प्लायचे १२ गेले, फळीत १८ शिरतात, वीसच्या फळीतही टोक दिसत नाही. या लांबीत स्क्रू कडीपर्यंत पोचतच नाही, आणि ते हवंच आहे. प्लाय फळ्यांना बांधायचा, कड्यांना नाही. कडी, फळी आणि प्लाय तिन्ही एका स्क्रूत ओवले की कडीची प्रत्येक हालचाल थेट वरच्या थराला बसते.

काळे जिप्सम स्क्रू दुसऱ्याही कारणाने बाद. ते ठिसूळ असतात, आडव्या ओढीत मान मोडते, आणि खाऱ्या हवेत गंजतात. ८ नंबरचे स्टेनलेस ३०४ चे चिपबोर्ड स्क्रू वापरले. महाग पडतात, पण समुद्र जवळ असताना इथे कंजूषी नको.

आता या कामातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. पूर्ण आटे असलेला स्क्रू प्लायमध्येही पकड घेतो आणि फळीतही. मध्ये अर्धा मिमी फट असेल तर ती तशीच कायम राहते. स्क्रू कितीही पिळा, प्लाय खाली येत नाही. वरून सगळं चोख दिसतं, पाय पडला की कुरकुर. उपाय असा: प्लायमध्ये ४.५ मिमीचं मोकळं भोक, फळीत अडीच मिमीचं. मग आटे फक्त फळीत धरतात आणि मुंडी प्लायला खाली खेचते. स्क्रू मारताना माणसाने शीटवर त्याच जागी उभं राहायचं. मशीनचा क्लच असा लावा की मुंडी पृष्ठभागाखाली अर्धा-एक मिमी जाऊन थांबेल. खोल गेली तर वरचा थर फाटतो आणि पकड निम्मी होते.

जागा: प्रत्येक फळीवर रुंदीत दोन स्क्रू, फळीच्या कडेपासून दोन इंच आत. कडेला स्क्रू मारला की फळीला फुगायला वाव राहत नाही. दुसऱ्या दिशेने दर ८ इंचांवर अशी जोडी. फळीच्या मध्यावर येणाऱ्या आडव्या सांध्यावर प्रत्येक शीटच्या कडेपासून अर्धा इंच आत, दर ६ इंचांवर एक. प्लाय टाकायच्या आधी फळ्यांच्या मध्यरेषा भिंतीवर खुणावून ठेवा, नंतर त्या झाकल्या जातात. शीटच्या मध्यापासून कडांकडे स्क्रू मारत जायचं. चारही कोपरे आधी आवळले तर पोटात फुगवटा अडकतो. एका शीटला साधारण १५० स्क्रू, सहा शीटना ९००. १,००० मागवले, चाळीसेक उरले.

फेव्हिकॉल लावला नाही. सुताराचा आग्रह होता, एक पट्टा तरी लावू म्हणून. डिंकाने प्लाय फळीच्या पूर्ण रुंदीला चिकटतो. फळी फुगायला गेली की एकतर डिंक फाटतो किंवा प्लायला लाट येते. शिवाय उद्या एखादी फळी बदलायची झाली तर सगळी जमीन तोडावी लागेल. स्क्रू मात्र उलटे फिरतात.

सांधे १२० नंबरच्या कागदाने घासले. स्क्रूंच्या मुंड्यांवर काही भरलं नाही, कारण एसपीसीखाली एक मिमीचा फोम असतो आणि तो एवढं झाकतो. वर पातळ चिकटवायचं रोल व्हिनाइल असतं तर प्रत्येक मुंडी आणि सांधा लवचीक फिलरने भरून घासावा लागला असता, नाहीतर सकाळच्या तिरप्या उन्हात सगळे टिपके मोजता येतात.

वरचा थर आणि उंबरठे

एसपीसी तरंगतं बसवलं, म्हणजे प्लायला न चिकटवता, न ठोकता, भिंतीपासून १० मिमी सोडून. माल २१० चौरस फूट. माडीत उन्हाळ्यात कौलांखाली फार तापतं, आणि इथे एक काचेचं कौल आहे. त्यातून दुपारी जमिनीवर ऊन पडतं त्या पट्ट्यात व्हिनाइल सगळ्यात जास्त वाढतं. भिंतीकडची फट राखली नाही तर तिथेच थर फुगून वर उठतो. जड कपाट दोन समोरासमोरच्या भिंतींना ठेवू नये, थर मध्ये अडकतो. स्कर्टिंग भिंतीला ठोकायचं, जमिनीला नाही.

सगळी उंची १८ मिमी वाढली. दाराच्या झडपा खालून २० मिमी कापल्या. जिन्याची शेवटची पायरी मात्र १८ मिमीने उंच झाली आणि पाय नेमका तिथे अडखळतो. जुन्या जिन्याला प्रत्येक पायरीत हा फरक वाटता येत नाही. तोंडाशी गोल कडेची सागवानी पट्टी लावली, रंगाने उठून दिसेल अशी, आणि भिंतीला कठडा वरपर्यंत वाढवला.

मालकांना एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगितली होती. धूळ आणि उजेड थांबेल, बोलण्याचा आवाज कमी होईल, पावलांचा धप्प आवाज फारसा कमी होणार नाही. तो कड्यांतून खाली उतरतो. त्यासाठी खालून वेगळं छत लागतं, आणि मग कडीपाट झाकला जातो. त्यांनी कडीपाट ठेवला.

पहिल्या पावसाळ्यात

श्रावणात पाहणी झाली. फळ्यांमधल्या फटी खालून निम्म्यावर आलेल्या, अपेक्षेप्रमाणे. जमीन शांत. फक्त खिडकीजवळ एका जागी कुरकुर सुरू झाली होती. तिथल्या दोन ओळी एसपीसी उघडल्यावर कारण दिसलं. बदललेल्या फळीची रुंदी ७ इंच होती आणि खुणा ९ च्या हिशेबाने पुढे गेल्या होत्या, म्हणून तीन स्क्रू फळीच्या अगदी कडेला, एक तर थेट फटीत. चारही काढून योग्य जागी मारले, तासाभराचं काम. तरंगता थर असण्याचा हा फायदा, ओळी सुटतात आणि परत बसतात.

उरलेलं सातवं शीट आणि एसपीसीचा एक खोका माडीवरच ठेवला आहे. कधी कौल सरकून पाणी आत आलंच तर त्या बाजूचं स्कर्टिंग आणि दोन-तीन ओळी दोन दिवसांच्या आत उघडायच्या, पंखा सोडायचा, आणि प्लायवर मीटर १५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय परत लावायच्या नाहीत.